कावीळ न झालेला भाऊ

दि. ३ मार्च

चि. बॉबिन यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर आधी आशीर्वाद द्यावे लागतात, म्हणून दिले. त्यात मन घातलेलं नाही. पुढे "इकडे सर्व ठीक" असं लिहायची पद्धत आहे, पण ते लिहिता येत नाही. तुझं ठीक असेलच. तुझ्यासारख्यांचं नेहमी ठीक असतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतोस. मला तुझा आवाज स्वच्छ येत असतो. मागे मशीन चालू असतं तेही ऐकू येतं. पत्राला ही सोय नाही. आई सध्या माझ्याकडे राहायला आली आहे, तिच्या हाती पाठवते आहे. ती फोडून वाचणार नाही, कारण तिचा जवळचा चष्मा मी उशीखाली ठेवून घेतलाय. सकाळपासून शोधते आहे बिचारी. माझ्या उशीखाली सोडून सगळीकडे बघून झालं.

मी सध्या घरीच असते. कवळ्यांचं काम बंद आहे. प्लास्टर घासताना जी धूळ उडते ती या दिवसांत छातीत जायला नको, म्हणून मालकांनी रजा दिली आणि माझ्या टेबलावर एक नवा माणूस आणून बसवला. परवा त्याने केलेली कवळी बघितली. सुळे इतके आत घेतलेत की गिऱ्हाईक हसलं तरी समोरचा सांत्वन करायला धावेल. जगातली निम्मी कामं अशा माणसांच्या हातात आहेत आणि उरलेली निम्मी त्यांच्या मेहुण्यांच्या. पण ते असो.

मला सहावा महिना चालू आहे हे तुला आईने सांगितलंय. त्यावर तू "ताईला सांग, छान झालं" एवढा निरोप धाडलास. तुझं शिवणाचं दुकान माझ्या घरापासून चालत येण्याच्या अंतरावर आहे, पण तू निरोप धाडलास. बाबा असते तर त्यांनी तुला कान धरून आणला असता. त्यांच्या माघारी दुकान तुला मिळालं, कान मात्र मोकळे सुटले.

आता मुद्द्याचं सांगते. नाही, मुद्द्याचं नंतर. आधी बातमी.

बाळाला माझंच रक्त मारतं आहे. हे एक वाक्य लिहायला मला सगळी दुपार लागली.

तुला समजेल असं सांगते, कारण शाळा सुटल्यापासून तू कात्रीशिवाय कशाला हात लावलेला नाहीस. रक्ताच्या पेशींवर खुणा असतात, शर्टाच्या कॉलरच्या आत लेबल शिवलेलं असतं तशा. त्यातलं एक लेबल जवळपास सगळ्या जगाच्या रक्तावर असतं. माझ्या रक्तावर नाही. आजवर कुणाला कळलं नाही, कारण कळायचं कारण पडलं नव्हतं. भिंगरीच्या बाळंतपणात मला जे परकं रक्त चढवलं, त्यावर ते होतं. माझ्या रक्ताने ते ओळखलं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी म्हणतात ती फौज उभी केली. परकं रक्त केव्हाच संपून गेलं, फौज तेवढी राहिली. भिंगरी आधीच बाहेर आली होती म्हणून वाचली. आता हे दुसरं आलं आणि त्याने लेबल उचललं बापाचं. माझी फौज वार ओलांडून त्याच्याकडे जाते आणि त्याच्या पेशी फोडते. पोरगं आत बसून फिकं पडत चाललंय, आणि ते करणारी मी. मी इकडे संत्री सोलून खाते आणि तिकडे तेच रक्त त्याच्या जिवावर उठतं.

डॉक्टरीणबाई दर आठवड्याला बाळाच्या डोक्यातल्या एका शिरेत रक्त किती जोरात धावतं ते पडद्यावर बघतात. पातळ रक्त जोरात धावतं म्हणे. वेग वाढतो आहे. बाई काही बोलत नाहीत, नुसतं "हं" म्हणतात. या खेपेचं "हं" बरंच लांबलं. मी दात घट्ट मिटून पडून राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर मी ओरडले असते.

उपाय आहे. बाळाला पोटातच रक्त द्यायचं. माझ्या पोटातून सुई घालायची आणि ती थेट नाळेतल्या शिरेत न्यायची. बाई तिला "छोटीशी सुई" म्हणतात. डॉक्टर ज्याला छोटंसं म्हणतील ते बघायला मागू नये. मी मागितलं. गादी शिवायच्या सुईएवढी लांब आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सुई म्हटलं की तुझे हातपाय गळतात हे मला माहीत आहे. दिवसभर सुईवर पोट भरणारा माणूस सुईला घाबरतो, असा नमुना आपल्याच घरात जन्माला यायचा होता.

द्यायच्या रक्तावर ते लेबल असता कामा नये. आईचंच रक्त चालतं, म्हणून आधी माझं बघितलं, तर मीच अशक्त. तुमच्यातून काढण्यासारखं काही नाही, म्हणाल्या. रक्तपेढीने चार ठिकाणी विचारलं. असे दोनच दाते सापडले. एक परदेशी जाऊन राहिलाय, दुसरा स्वतःच आजारी आहे. मग बाईंनी विचारलं, सख्खी भावंडं कोण? बापाच्या आणि आईच्या दोन्हीकडून आलेलं असतं हे, त्यामुळे सख्ख्या भावंडाचं जुळण्याची आशा असते. चारात एक, एवढी.

उत्तर काय मिळालं ते पुढे सांगते. आधी माझ्या सासरच्या रक्ताबद्दल.

भिंगरी झाल्यावर माझा रक्तस्राव थांबेना, तेव्हा एक पिशवी तुझ्या भावोजींनी दिली आणि एक त्यांच्या थोरल्या भावाने. त्या दोन पिशव्या सासूबाईंनी गेली चार वर्षं पुरवून पुरवून वापरल्या. मी उलट बोलले की "आमच्या घरचं रक्त आहे हो तुझ्या अंगात". मी माहेरी राहायला निघाले की "आता रक्ताने तू आमचीच". भावोजी तर पाहुण्यांपुढे बाही सरसावून सुई टोचल्याची जागा दाखवतात. तिथे तीळ आहे. जन्मापासूनचा.

बाईंनी हे सगळं समजावून सांगितल्यावर भावोजींनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे माझ्या रक्तात दोष आहे का?" बाई म्हणाल्या, दोष कुणातच नाही, जवळपास कुणाचंही दिलं असतं तरी हेच झालं असतं. भावोजी निर्दोष सुटले. घरी येऊन सासूबाईंना त्यांनी आधी हे सांगितलं आणि बाळाचं नंतर. सासूबाईंनी अजून ऐकलेलं नाही. आमचं रक्त कुणाला बाधेल हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही.

जवळपास कुणाचंही, असं बाई म्हणाल्या. त्या "जवळपास"च्या बाहेर एक माणूस उभा असू शकतो, बॉबिन. त्या दिवशी भावोजींच्या आधी ज्याला बोलावलं होतं तो माणूस.

मी ट्रॉलीवर होते. माझी शुद्ध गेली असं तुम्हा सगळ्यांना वाटत होतं, पण ती गेली नव्हती. भावोजी औषधं आणायला खाली गेले होते, आई भिंगरीजवळ होती. नर्सने तुला खुर्चीत बसवलं, दंडाला रबरी पट्टा बांधला आणि मूठ आवळायला सांगितली. तू मूठ आवळलीस. मग तू म्हणालास, "माझा फोन वाजतोय." फोन वाजत नव्हता. तू उठलास आणि जिन्याकडे चालायला लागलास. गळ्यात दुकानातला टेप तसाच होता आणि दंडाला पट्टाही तसाच. वळणावर टेपचं पितळी टोक कठड्याला लागून वाजलं. मग तू दिसेनासा झालास. मला वाटलं, येईल. मला खरंच वाटलं होतं.

नंतर सगळ्यांनी विचारलं, भाऊ कुठे गेला, त्याने का नाही दिलं? मी सांगितलं, त्याला लहानपणी कावीळ झाली होती, त्याचं चालत नाही. सगळ्यांना पटलं. चार वर्षं तू तोंड लपवून फिरतोस, गल्लीत मी दिसले की समोरच्या दुकानात शिरतोस, एकदा तर बायकांच्या चपलांच्या दुकानात शिरलास. जणू सगळं गाव तुझ्याकडे बोट दाखवतंय. अरे शहाण्या, कुणालाच माहीत नाही. मला एकटीलाच माहीत आहे. तुझी अब्रू मी झाकली, आणि तू माझ्यापासूनच पळत राहिलास.

आता बाईंनी भावंडांचं विचारलं, तेव्हा आई शेजारीच होती. माझ्या आधी तिनेच उत्तर दिलं, "एक भाऊ आहे, पण त्याचं चालणार नाही. कावीळ झाली होती." बाईंनी मान हलवली आणि पुढचं बोलायला लागल्या. मी तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. घरी आल्यापासून स्वतःला विचारते आहे की का, आणि उत्तर आवडत नाही म्हणून तुला सांगत नाही.

तर असं आहे. तू येणार असशील तर मी बाईंना सांगेन की कावीळ कधी झालीच नव्हती. येणार नसशील तर कावीळ राहू दे. तू यायचाही नाहीस आणि तुझी लाजही चव्हाट्यावर यायची, असा दोन्हीकडून तोटा मला नको. आधी तपासणीला छोटी बाटली भरून रक्त घेतात. जुळलं तर मग पिशवी. बाई पुढच्या गुरुवारापलीकडे थांबायला तयार नाहीत. त्यानंतर सुई घालून उपयोग होईल की नाही याची खात्री देत नाहीत.

मी विनंती करत नाहीये. विनंती माणसाला करतात. मी फक्त कळवते आहे.

तुझी मोठी बहीण (नाइलाजाने),
ताई

ता. क. आई विचारेल पत्रात काय होतं. सांग, पडद्यांची मापं होती.


दि. ८ मार्च

बॉबिन,

आज आशीर्वाद नाहीत.

आई परत आली ती हातात पिशवी घेऊन. मला वाटलं उत्तर आलं. पिशवीत गाऊन निघाला. मऊ सुती, पुढून पोटावर उघडणारा, दोन्ही बाजूंना नाड्या, म्हणजे तपासणीच्या वेळी सगळा वर करायला नको. चिठ्ठी नाही, निरोप नाही, काही नाही. मी रक्त मागितलं आणि तू कापड पाठवलंस.

शिलाई चांगली आहे. आतून टीपेवर पट्टी मारली आहेस, म्हणजे शिवण पोटाला टोचू नये. हे मी मान्य करते, कारण वाईट कामाला मी वाईट म्हणते तर चांगल्याला चांगलं म्हणायला हवं. पण तू काय समजलास? बहिणीने लिहिलं पोर मरतंय, आणि भावाने बसून नाड्या शिवल्या? हो म्हणायची छाती नाही, नाही म्हणायचीही नाही. मधल्या मधे कापूस आणि धागा. सासरची माणसं निदान तोंडाने बढाया मारतात. तू तेवढंही करत नाहीस. तुझ्या भित्रेपणालासुद्धा आवाज नाही.

दोन दिवस वाट बघितली. दारावर कुणी आलं की उठून बसायची. एकदा वर्तमानपत्रवाला होता, एकदा भिंगरीची मैत्रीण. मग काल पडद्यावर वेग आणखी वाढलेला दिसला आणि या वेळी बाई "हं"देखील म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाळाच्या पोटात पाणी धरायला लागलंय. आता आपल्याकडे वेळ नाही." आपल्याकडे, म्हणाल्या.

तेव्हा मी सांगून टाकलं. तुझा गाऊन अंगात घालून, पोट उघडं टाकून, आईच्या आणि भावोजींच्या देखत सांगितलं की माझ्या भावाला कावीळ कधीच झाली नव्हती. सुईला घाबरून तो पळाला होता. मी खोटं सांगितलं होतं, त्याचं रक्त तपासता येईल. तुझ्या उत्तराची वाट बघणार होते, तसं लिहिलंही होतं. तो शब्द मी मोडला. मोडावासा वाटला म्हणून नाही. पोरगं तुझ्या अब्रूपेक्षा लहान आहे म्हणून.

भावोजी म्हणाले, "अरेच्चा." एवढ्या मोठ्या गोष्टीवर माझ्या नवऱ्याला सुचलेला शब्द "अरेच्चा" हा होता.

आणि आई काय म्हणाली, ऐक. आई शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हटलं, काय माहीत होतं? तर म्हणाली, "माझ्या पोराला कावीळ झाली असती तर मला कळलं नसतं होय? त्याला गोवर झाला, कांजिण्या झाल्या, कान फुटला. कावीळ नाही झाली." मी विचारलं, मग परवा बाईंना कावीळ का सांगितलीस? आई म्हणाली, "तू चार वर्षं तेच सांगत होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू खोडशील म्हणून थांबले. तू गप्प राहिलीस, म्हणून मीही राहिले."

कळतंय का तुला? तुझ्या एका पळून जाण्यावर दोन बायका चार वर्षं पांघरूण धरून उभ्या आहेत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि एकमेकींना काही बोलत नाहीत. आणि खाली पांघरुणात पोर गुदमरतंय. असा मूर्खपणा आपल्याच घरात होऊ शकतो. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींकडे असं बघितलं की मला माझी कवळी विसरून आल्यासारखं झालं, आणि मला तर अजून सगळे दात आहेत.

आईला विचारलं, त्याने पत्र वाचलं का? म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याने ते मशीनच्या खणात टाकलं, मग शटर अर्धं ओढून आत वाचत बसला. बराच वेळ. बाहेर आला तेव्हा त्याने आईला विचारलं, ताईच्या पोटाचं माप काय असेल. तिने हातांनी दाखवलं. मग तिला थांबवून तो मशीनवर बसला.

मला हे ऐकून रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तुझ्यावर खर्च करायला माझ्याकडे आता राग सोडून काही उरू नये असं मला वाटतं.

रक्तपेढी सकाळी उघडते. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिना नाही, सरळ आत जायचं. काउंटरवर माझं नाव सांगायचं. आता सगळ्यांना माहीत आहे, लपवण्यासारखं तुझ्याकडे काही राहिलं नाही. तेव्हा पळायचं असेल तर या खेपेला उजेडात पळ.

ताई


दि. १९ मार्च

चि. बॉबिन यास,

अनेक आशीर्वाद. या खेपेचे खरे आहेत, जपून वापर.

पडून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येईल. वाचता नाही आलं तर आईला विचार, तिला चष्मा परत दिलाय.

तुला कुणी सगळं नीट सांगितलं नसेल, कारण तू कुणाला काही विचारत नाहीस. तेव्हा मीच सांगते. तुझं जुळलं. चारातला एक निघालास. आयुष्यात कुठल्या परीक्षेत तू चारात पहिला आला नाहीस आणि यात आलास, तेही अभ्यास न करता. रक्तपेढीतली बाई वर येऊन मला सांगून गेली. ती म्हणाली, तुमचे भाऊ तपासणीच्या छोट्या बाटलीलाच पडले, आणि शुद्धीवर आल्यावर विचारलं, झालं का? पिशवीच्या दिवशी पुन्हा पडले, पण झोपवूनच ठेवलं होतं त्यामुळे पडायला फार खोल नव्हतं. तिला हसू आवरत नव्हतं. मीही हसले. पोटात दुखलं तरी हसले.

मग ती म्हणाली, "त्यांनी स्वतःचा पट्टा आणला होता हो." मी म्हटलं, कसला पट्टा? तर रबरी, दंडाला बांधायचा, जुना, रंग उडालेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा बांधा. त्या बाईने सांगितलं आमच्याकडे नवे आहेत, पण त्यांना तोच हवा होता. त्याला चिरा गेल्या होत्या, बांधताना तुटला. मग रक्तपेढीचाच बांधला.

चार वर्षं तो पट्टा कुठे ठेवला होतास रे? खणात? बायकोला काय सांगितलंस तो कशाचा आहे म्हणून? दवाखान्याची वस्तू पळवून नेलीस, ती परत करायलाही तुला इतकी वर्षं लागली. मी हे सगळं तुला टोचावं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण ती बाई गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रक्त किरणांखाली धरून, धुऊन, घट्ट करून वर आणलं. एवढीशी नळी. तुझ्या बॉबिनवर मावेल इतकं. मी म्हटलं, एवढंच? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढंच मावतं बाळाच्या अंगात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते किती लहान आहे. आकडे सांगत होते रोज, पण कळलं तेव्हा.

सुई घालायच्या आधी भावोजी माझा हात धरून उशाशी उभे होते. मास्क, टोपी, सगळा जामानिमा. बाईंनी सुई हातात घेतली, आणि भावोजींना नेमका फोन आला. समोर भिंतीवर फोन बंद ठेवा अशी पाटी आहे. फोन त्यांनी बाहेर कपाटात ठेवला होता, मी स्वतः बघितलं होतं. तरी त्यांना तो आला. "एक मिनिट हं," म्हणाले आणि गेले. मी ट्रॉलीवरून त्यांची पाठ बघितली. तेव्हापासून सासूबाईंनी रक्ताचा विषय काढलेला नाही. त्या काढायला गेल्या की मी भावोजींकडे वळून शांतपणे विचारते, "कुणाचा होता हो फोन?"

त्यांच्यावर मी रागावलेली नाही. हे मलाच नवल वाटतं. पळणाऱ्याची पाठ एकदा बघितली की दुसऱ्यांदा तेवढी भीती वाटत नाही. पण चार वर्षं तुला एकट्यालाच मी हलकट समजत होते, ते जरा वाटून घ्यायला हवं होतं. पुरुषांची पाठ सगळीकडे सारखीच शिवलेली असते असं दिसतं.

सुई आत जाताना मी पडद्याकडे बघत होते. एक पांढरी रेघ हळूहळू बाळाकडे सरकत होती आणि ते बाजूला होत नव्हतं, कारण त्याला औषध देऊन स्थिर केलं होतं. मला वाटलं, याच्याइतकं शूर आपल्या घरात कुणी नाही, आणि तेही झोपलेलं आहे म्हणून. मग नळीतून तुझं रक्त गेलं. पडद्यावर ते बुडबुड्यांसारखं दिसतं. मला तुझं नाव घ्यावंसं वाटलं, मी घेतलं नाही, तिथे लोक होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शिरेतला वेग बघितला. उतरलाय. त्या पुन्हा "हं" म्हणाल्या, पण आखूड. पोटातलं पाणी अजून आहे. ते उतरायला वेळ लागेल, आणि उतरेलच असं त्या म्हणत नाहीत. माझी फौज तशीच आहे, ती काही माघार घेत नाही. ती कुणावर गेलीये ते तुला सांगायला नको. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुई, मग पुन्हा एकदा. सगळं नीट झालं तर दिवस भरायच्या थोडं आधी बाहेर काढतील. नीट नाही झालं तर काय, ते मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, ते इथे लिहीत नाही.

आता एक ताकीद. हे पोर जगलं, मोठं झालं, तर त्याच्यापुढे किंवा कुणाच्याही पुढे कधी म्हणायचं नाही की याच्या अंगात माझं रक्त आहे. बाही वर करायची नाही. त्याने तुझं ऐकलं नाही, तुला विसरलं, तुझ्या दुकानात यायला लाजलं, तरी नाही. रक्त दिलं की दिलं. या घरात त्याचं भाडं वसूल करणारी माणसं आधीच पुष्कळ आहेत. तू म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. तू पिशवी देऊन मागच्या दाराने निघून गेलास, रक्तपेढीच्या बाईला सांगितलंस वर काही कळवू नका. याला मोठेपणा समजू नकोस. ते तुझं तेच आहे, जिना बघितला की पाय उलटे वळतात. तेवढंच, की या वेळी काम करून पळालास.

पुढच्या दोन खेपांचं रक्त त्यांनी त्याच पिशवीतून काढून गोठवून ठेवलंय. बाई म्हणाल्या, तुमच्या भावाला पुन्हा बोलवायची गरज पडणार नाही. मी बरं म्हटलं. मग दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

म्हणून हे पत्र. पुढची सुई तीन तारखेला आहे, सकाळी. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा आहे, धरून चढ. भावोजी त्या दिवशी फोन घ्यायला खालीच बसतील, तसं मी ठरवून टाकलंय. उशाशी एक स्टूल असतं, त्यावर बस. सुईकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. चक्कर येणारच, तेव्हा भिंतीच्या बाजूला पड, यंत्रांच्या बाजूला पडू नकोस. मी नर्सला आधीच सांगून ठेवलंय की एक माणूस पडणार आहे, त्याला तसाच राहू द्या, उचलून बाहेर नेऊ नका. मला तो खोलीत हवा आहे. मला फार भीती वाटते, बॉबिन. पहिल्या खेपेला वाटली त्याहून जास्त, कारण आता मला माहीत आहे काय होतं ते. आणि त्या दिवशी ट्रॉलीवरही वाटली होती. मला रक्त नको होतं रे तेव्हा. मला तू तिथे हवा होतास.

तुझं रक्त घेऊन झालं. आता तुझ्याकडून मला काही नको आहे. म्हणून आता ये.

तुझी,
ताई